कलेक्टरची सर्दी

आमच्या नर्सरीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. संत्र्याच्या कलमा बांधताना हात कामात असतात अन् तोंड रिकामं. एक जण सांगतो, दुसरा त्यात तिखटमीठ टाकतो. आठ दिवसांनी तोच किस्सा सौंसरच्या बस स्टँडवरून फिरून, चांगला जाडजूड होऊन आपल्याच कानावर येतो!

माझ्या नातीच्या आजाराचंही तसंच झालं. रडण्यासारखं पुष्कळ होतं त्यात. पण आमची मंडळी धड रडूही देत नाहीत.

मंडळी म्हणजे तरी किती? नत्थू, दोघं तरणे होतो तेव्हापासून माझ्यासंगं कलमा बांधून राहिला. भीमाबाई, आम्ही खुंटावर बसवलेल्या डोळ्यांवर, म्हणजे कलमाच्या कोंबांवर, प्लास्टिकची पट्टी गुंडाळते. अन् मी.

*

नात, आमची चिऊ, वर्षाचीही नव्हती अन् निमोनिया काही पाठ सोडेना. बरी झाली म्हणावं की पुन्हा ताप. तिच्या आधीची एक पोरगी अशीच तापात गेली होती. लोक सुनेच्या पायगुणावर बोलायचे. सुनेनं मान वर करणंच सोडलं होतं.

शेवटी नागपूरला नेलं. पोरगा, सून, मी, अन् सोबतीला नत्थू. डॉक्टर मॅडमनं रक्त तपासलं अन् सावकाश समजावून सांगितलं. रोगाशी लढायला प्रत्येकाच्या अंगात एक फौज असते. हिच्या अंगात ती जन्मापासून नाहीच. साधी सर्दीही हिला घेऊन जाऊ शकते.

मॅडमनं विचारलं, "नवरा-बायको नात्यात आहेत का?"

नत्थू उठून उभा राहिला. "हो मॅडम! नवरा-बायको हायेत म्हंजे नातं असनच ना! एकदम कायदेशीर!"

मॅडमला हसू आवरेना. मग मी सांगितलं, सून माझ्या पोराच्या मामाचीच पोरगी. आमच्यात चालते तसं. मॅडम म्हणाल्या, दोघांच्याही अंगात एकच खोट लपलेली होती, ती दोन्हीकडून पोरीत उतरली. एकट्या आईचा यात काही दोष नाही. कोणाचाच नाही.

सुनेनं तेव्हा मान वर केली. परतीच्या बसमध्ये मधेच तिला आठवायचं, "कायदेशीर!" अन् पदर तोंडाला लावून हसायची. हसता हसता रडायची.

*

मॅडमनं बजावून सांगितलं होतं. कोणी पापा घ्यायचा नाही, हात धुतल्याशिवाय पोरीला शिवायचं नाही, शिंकणारा-खोकणारा घरात नको.

आता आली का पंचाईत! आमच्याकडे पोर आजारी आहे म्हटलं की अख्खं गाव भेटायला येते. जो येत नाही त्याचा राग. अन् इथं जो येईल तोच धोक्याचा!

भीमाबाईनं सुतळीनं फाटकाला साबण बांधला अन् स्वतः बाज टाकून बसली. पाहुणे चिडायचे. एक जण म्हणाला, "हे काय कलेक्टरचं घर हाय काय, परवानगी काढून आत जायाले?"

"हो, हाय! कलेक्टर झोपली हाय. साबण घे, नाही तं रस्ता पकड!"

तेव्हापासून चिऊचं नाव कलेक्टर पडलं.

एक दिवस मी नर्सरीतून आलो. नाकात माती गेलेली, फाटकातच शिंक आली. एकच!

"चाला वापस," भीमाबाई म्हणाली.

"अवो, घर माझं हाय!"

"घर तुमचं हाय भाऊ, पण शिंक बी तुमचीच हाय ना!"

बरेच दिवस नत्थूकडे जेवलो. त्याच्या बायकोला शंका आली. "सुनेसंगं काही भांडण झालं काय?"

नत्थू म्हणाला, "नाही वं. दादाले कलेक्टरनं तडीपार केला!"

*

मॅडमनं उपाय सांगितला. जुळणाऱ्या माणसाच्या हाडातला मगज काढून पोरीच्या रक्तात सोडायचा. तो रुजला की नवी फौज तयार होते. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं, अन् जुळलं कोणाचं, तर तिच्या थोरल्या भावाचं, सोनूचं. दुसरीतला पोट्टा! आपलं हाड काढणार, असं त्याच्या डोक्यात बसलं. पलंगाखालून बाहेर निघेना.

नत्थू त्याला नर्सरीत घेऊन गेला. ज्या झाडाचे डोळे आम्ही कलमांना घेतो, ते दाखवलं. "याचे किती डोळे काढले आम्ही. मेलं काय हे झाड? उलटं अजून फुटून राह्यलं! तुले बी तसंच, बहिणीले डोळा द्याचा. बस!"

पोट्ट्याची छाती फुगली. घरी आल्या आल्या त्यानं मोहगावला मामाला फोन लावला. "मामा, मी चिऊले डोळा देऊन राह्यलो!"

मामा तसाच मोटारसायकलवर निघाला. फाटकाबाहेरूनच गळा काढला. "एकीले वाचवाले दुसऱ्याले आंधळा करता काय जी!"

भीमाबाई बाजेवरून हलली नाही. "पह्यले हात धुवा. मंग रडा!"

*

मगज देऊन झाला. सोनू दोन दिवसांत नर्सिंगवाल्या बायांसंगं गप्पा हाणू लागला. पण चिऊचं काही सांगता येईना. मॅडम म्हणाल्या, आता वाट पाहायची. रुजेल, नाही तर नाही.

वाट पाहणं आम्हाला नवं नाही. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसवला अन् पट्टी बांधली की आत काय होऊन राहिलं ते कोणाला दिसत नाही. पट्टी सोडल्यावर डोळा हिरवा दिसला तर आम्ही म्हणतो, डोळा लागला. काळा पडला तर गेला.

मी रोज नर्सरीतून नागपूरला सुनेला फोन लावायचो. एक दिवस विचारलं, "सूनबाई, डोळा लागला काय?"

ती हळूच म्हणाली, "हो मामाजी, आत्ताच लागला. चांगला गाढ."

मी तिथूनच ओरडलो. भीमाबाईनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. नत्थूनं साखर तोंडात टाकली अन् थांबला. "दादा, डोळा गाढ कसा लागन गा?"

पुन्हा फोन लावला.

"मामाजी, पोरगी झोपली म्हटलं मी!"

त्या दिवशी कोणी हसलं नाही. साखर गिळवेना अन् थुंकवेना.

*

पुढं तिच्या रक्तात नवी फौज दिसू लागली. पुष्कळ महिन्यांनी कलेक्टर घरी आली, चालायला लागली, हुकूम सोडायला लागली. फाटकावरचा साबण मात्र कोणी सोडला नाही. कागदावर फौज दिसते, पण लढते की नाही कोणाला माहीत?

अन् एका सकाळी तिचं नाक वाहू लागलं.

सुनेच्या हातातली वाटीच पडली. तडक नागपूर गाठलं. मॅडमनं छाती तपासली, रक्त तपासलं. म्हणाल्या, "आता तिचं तिला लढू द्या. लक्ष ठेवा."

पुन्हा वाट पाहणं! ताप आला. नत्थू नर्सरीत जाईना, भीमाबाईला बाज सोडवेना. मग ताप उतरला. नाक वाहिलं, घट्ट झालं, अन् सुकून गेलं. आपोआप! चिऊ अंगणात येऊन "आजा, संत्रा दे" म्हणू लागली.

भीमाबाईनं हात धुतल्याशिवाय तिला कधी बोट लावलं नव्हतं. त्या दिवशी तिनं आपल्या पदरानं पोरीचं नाक पुसलं अन् कितीतरी वेळ त्या पदराकडे पाहत बसली.

नत्थू हळूच म्हणाला, "आता लागला डोळा."

भीमाबाई जामसांवलीच्या मारुतीला पेढे बोलली होती. आम्ही तिघं गेलो. देवळाबाहेर ही गर्दी! नत्थू दुकानदाराला म्हणाला, "चांगले ताजे तोल भाऊ. देवाले ठेवून अख्ख्या गावात वाटाचे हायेत!"

"काय खुशखबर बाबा? नातू झाला काय?"

"त्याच्यापेक्षा मोठी!" नत्थू सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडला. "आमच्या कलेक्टरले सर्दी झाली होती! ताप बी चांगला सणकून आला होता!"

दुकानदाराचा तराजू हातातच राहिला. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, अन् पुढं वाकून म्हणाला, "हळू बोला ना बाबा... साहेबानं तुमचं असं काय बिघडवलं होतं?"