कसौलीला गेलेले मास्तर

चंदीगडला आम्ही सतरा वर्षं काढली आणि त्यातले बरेच उन्हाळे पाहुण्यांच्या गाद्या घालण्यात आणि काढण्यात गेले. नवरा तिथल्या वैद्यकीय संस्थेत डॉक्टर, मी विद्यापीठात शिकवणारी. दोघांच्याही नातेवाइकांना आमच्या तब्येतीची काळजी नेमकी एप्रिल-मे महिन्यांत वाटायला लागायची. नव्वदनंतर लोकांच्या हातात पैसा खेळायला लागला तशी ही काळजी फारच वाढली. पहिल्या दिवशी रॉक गार्डन, दुसऱ्या दिवशी सेक्टर सतरामध्ये स्वेटरची खरेदी, तिसऱ्या दिवशी शिमला. ज्यांना शिमल्याची सवड नसे त्यांना मी एका दिवसात कसौली दाखवून आणत असे.

या कामात मी इतकी तरबेज झाले होते की धरमपूरचं वळण आलं की तोंड आपोआप सुरू व्हायचं. साहेबाला मैदानातला उन्हाळा सोसेना, म्हणून त्याने या डोंगरावर छावणी बसवली. चर्च बांधलं, क्लब काढला, घरची आठवण यावी अशी झाडं लावली. हा वरचा मॉल रोड, हा खालचा मॉल रोड, पलीकडे मंकी पॉइंट. पाहुण्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणायचं, "काहीही म्हणा, इंग्रजांनी वसवलंय मात्र छान," आणि मी मान डोलवायची. त्या मान डोलावण्याचा आज मला मनस्वी राग येतो.

सासूबाई दर एक-दोन वर्षांनी हिवाळ्यात आमच्याकडे येत. पाहुण्यांसारखं त्यांचं काही मागणं नसे. एकदा मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "मला कसौलीला नेशील का गं?" मला हसू आलं. ऐंशीच्या घरातली बाई, गुडघे दुखतात, हिला कसले पॉइंट बघायचेत? "थंडी कमी झाली की जाऊ," म्हटलं आणि विसरले. पुढच्या खेपेलाही तेच झालं. तिसऱ्या खेपेला त्यांनी भाजीची जुडी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "माझे वडील तिथे गेलेत."

तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी म्हटलं, "हो का? कधी, फिरायला?"

तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. आजोबा कुत्रं चावून गेले, यापलीकडे माझ्या नवऱ्यालाही काही माहीत नव्हतं. खानदेशातल्या एका गावात सासूबाईंचे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. शाळेतून घरी येताना पिसाळलेलं कुत्रं त्यांच्या पोटरीला चावलं. चुना लावून झाला, मांत्रिक झाला, त्यात बरेच दिवस गेले. मग तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की याची इंजेक्शनं पार तिकडे कसौलीला मिळतात. त्या काळी दूरदूरच्या गावांतून लोकांना त्यासाठी तिथे धाडत. सरकारने रेल्वेचा पास दिला, सोबतीला एक शिपाई दिला आणि मास्तर भुसावळहून गाडीत बसले. सासूबाई तेव्हा सहा महिन्यांच्या होत्या.

दीड-दोन महिन्यांनी शिपाई एकटाच परत आला. हातात मास्तरांची छत्री आणि उपरणं. म्हणाला, वर पोचायलाच उशीर झाला होता. कुठल्या दिवशी गेले, तर ते त्याला सांगता येईना. तो स्वतःही तिथे तापाने पडला होता. अमावास्येच्या आधी की नंतर, इतकंही त्याला आठवेना. दहन कुठे केलं? तर "खाली, आपले लोक राहायचे तिकडे."

"आईने तेव्हा कुंकू पुसलं," सासूबाई म्हणाल्या, "पण तिथीच माहीत नाही म्हटल्यावर श्राद्ध करायचं कधी? मग दर वर्षी सर्वपित्रीला त्यांचं पान वाढायचं. आई शेवटपर्यंत म्हणायची, दिवस कळला असता तर त्या दिवशी त्यांना एकट्यांना जेवायला वाढलं असतं." मग म्हणाल्या, "दिवस आता कळायचा नाही, मलाही समजतं. पण जागा तरी बघते. कुणाला ठाऊक, विचारलं तर कळेलही."

मी कसौलीला निदान वीस वेळा गेले असेन. कुत्रं चावल्यावरच्या लशीची संस्था तिथे आहे हे पाहुण्यांना दाखवूनही झालं होतं, तेही गाडीतूनच. तिथे देशभरातून आलेली माणसं उतरत कुठे, खात काय, मेली तर पुढे काय होई, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आणि मी विद्यापीठात शिकवत होते.

नवऱ्याने ओळखीपाळखीतून कसौलीतल्या जुन्या नोंदींची चौकशी केली. इतक्या वर्षांपूर्वीचं कुणालाच काही सांगता येईना, आणि त्यात कुणाला दोष द्यायचा? पण एकाने सुचवलं की तिथे एका जुन्या बंगल्याचं नुकतंच हॉटेल झालंय, त्यांनी गावाचे जुने फोटो आणि नकाशे जमवलेत, तिथे विचारा. मार्चमधल्या एका रविवारी आम्ही निघालो. नवरा, मी, तेरा वर्षांची मुलगी, आणि मांडीवर स्टीलचा डबा घेतलेल्या सासूबाई. डब्यात काय आहे ते त्यांनी सांगितलं नाही, पण सकाळी स्वयंपाकघरात तांदळाच्या खिरीचा वास येत होता.

हॉटेल झकपक होतं. 'हेरिटेज' हा शब्द तेव्हा नवा नवा बाजारात आला होता आणि तिथे तो फाटकापासून चमच्यापर्यंत सगळीकडे कोरलेला होता. वाढप्यांना पट्टे, फेटे आणि पांढरे हातमोजे घातले होते. दिल्लीहून आलेले बडे पाहुणे त्यांना टाळी वाजवून बोलावत होते. पैसे मोजून एका दुपारपुरतं साहेब व्हायची हौस! मला तिथेच तिडीक उठली, पण काम होतं म्हणून मॅनेजरला गाठलं.

मॅनेजर मात्र उत्साही होता. त्याने आम्हाला फोटो दाखवले. हिरवळीवर चहा पिणारे साहेब, मडमा, घोडे. खाली डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं. घोड्यांचीसुद्धा. मागे हातात ट्रे घेऊन पाच-सहा माणसं उभी होती, त्यांच्यासाठी "आणि नोकर" एवढेच शब्द. मग तो आम्हाला बागेत घेऊन गेला. तिथे एका देवदाराखाली पितळी साखळीच्या कुंपणात छोटासा संगमरवरी दगड होता. बंगल्याच्या पहिल्या साहेबाच्या कुत्र्याची कबर. हॉटेलचं मुख्य आकर्षण, म्हणे. पर्यटक मुद्दाम फोटो काढायला येतात.

मुलगी वाकून वाचायला लागली. "सो स्वीट यार मम्मा, जन्माची डेट भी है, डेथ की भी."

मी सासूबाईंकडे बघितलं नाही. मला तो दगड उपटून खाली दरीत भिरकावून द्यावासा वाटला. कुत्र्यावर माझा राग नव्हता, त्या बिचाऱ्याने काय केलं होतं? राग होता तो त्या लखलखीत पितळी साखळीवर. रोज पॉलिश करणारं माणूस नेमलेलं असल्याशिवाय डोंगरातल्या दमट हवेत पितळ असं राहत नाही.

सासूबाईंनी शांतपणे विचारलं, त्यांच्या खानदेशी वळणाच्या हिंदीत, "इलाज के लिए जो अपने लोग आते थे, वो किधर रहते थे?"

मॅनेजरने क्षणभर आठवल्यासारखं केलं. "माताजी, नेटिव लोग तो नीचे रहते थे. वहाँ देखने लायक कुछ नहीं है."

नेटिव. स्वातंत्र्याला जवळजवळ पन्नास वर्षं होत आली होती आणि हा आपल्याच आजोबा-पणजोबांना नेटिव म्हणत होता. मी तोंड उघडणार एवढ्यात सासूबाईंनी माझा हात दाबला. "चल, आपण खालीच जाऊ."

खालच्या बाजारात एका म्हाताऱ्या शिंप्याने मशीन थांबवून नीट ऐकून घेतलं. त्याच्या वडिलांच्या तोंडून त्याने ऐकलं होतं. बाहेरगावच्या रोग्यांसाठी उतारावर पत्र्याची एक लांब धर्मशाळा होती. कुणी गेलं तर त्याच्याच खालच्या ओढ्याकाठी दहन करत. ओढा आता आटला होता. धर्मशाळेच्या जागी त्याच हॉटेलने गाड्या लावायला जमीन सपाट केली होती आणि कडेला जनरेटरची खोली बांधली होती.

सासूबाई त्या जनरेटरच्या आवाजात उभ्या राहिल्या. पान नव्हतं, म्हणून डब्याचं झाकण जमिनीवर ठेवून त्यावर भात, वरण, खीर, दोन वडे वाढले. आमच्या मिनरल वॉटरच्या बाटलीतलं पाणी त्याच्याभोवती फिरवलं. हात जोडले. रखवालदार धावत आला. "यहाँ गाड़ी लगनी है, हटिए." नवरा एरवी गायीसारखा माणूस, पण त्या दिवशी तो पुढे झाला आणि इतकंच म्हणाला, "पाँच मिनट रुकोगे." रखवालदार थांबला.

कावळा काही दिसला नाही. भिंतीवरून एक माकड उतरलं, त्याने आधी वडे उचलले आणि मग खिरीत हात घातला. मुलीने घाबरून आमच्याकडे बघितलं. सासूबाई पहिल्यांदाच हसल्या. "खाऊ दे. ऐंशी वर्षांत इथे कुणी जेवायला वाढलंय का त्यांना? माकड तर माकड."

गाडी वरती लावलेली, म्हणून परत हॉटेलवर यावं लागलं. सासूबाईंना धाप लागली होती, त्यांना व्हरांड्यात बसवून चहा मागवला. चहा घेऊन मॅनेजर स्वतः आला. काखेत कातडी बांधणीचं जाडजूड रजिस्टर. बंगल्याची जुनी पद्धत आम्ही चालू ठेवली आहे, म्हणाला, चहाला आलेला पाहुणाही यात नोंद करतो. शंभर वर्षांनी कुणी विचारलं तर सापडलं पाहिजे. हे त्याने खरंच अभिमानाने सांगितलं. मी काहीतरी जिव्हारी लागेलसं बोलणार होते, पण सासूबाईंनी रजिस्टर आधीच स्वतःकडे ओढून घेतलं होतं.

चष्मा लावून त्यांनी सावकाश लिहिलं. नावाच्या रकान्यात त्यांच्या वडिलांचं संपूर्ण नाव, मराठीत. गावाच्या रकान्यात गाव, तालुका, आणि पुढे 'शाळामास्तर'. आल्याच्या तारखेखाली त्यांच्या आईने त्यांना सांगितलेला महिना, चैत्र. अभिप्रायाच्या जागी 'उपचारासाठी आले'. मग पेनाला टोपण लावलं आणि रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं.

मॅनेजरने ते उलटसुलट करून पाहिलं. "ये आपका नाम है, माताजी?"

"मेरे पिताजी का."

त्याला बहुतेक काही उमगलं नाही. त्याने बोट फिरवत रकाने तपासले आणि एका जागी थांबला. "जाने की तारीख रह गई."

सासूबाईंनी चष्मा काढून त्याच्या घरात ठेवला. "हाँ," त्या म्हणाल्या, "वही तो पूछने आई थी."