बनाबाईंनी मोडलेला नवस

अर्धं माजघर सारवून झालं होतं. झालेला भाग वाळायच्या आत उरलेला सांधला नाही तर जोड दिसत राहतो, म्हणून मी घाईत होते. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत शेणात. तेवढ्यात पडवीची कडी वाजली आणि उत्रोलीच्या बनाबाई आत आल्या. त्या आमच्याकडे तूप घालतात. पण तो दिवस तुपाचा नव्हता, आणि हातात लोटकंही नव्हतं.

"वैनी, देव कुनीकडं?"

मी मानेनंच पलीकडे दाखवलं. ओल्या जमिनीच्या पल्याड देव्हारा होता, समई तेवत होती. ओलांडून जाता येईना, म्हणून बनाबाई उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या. बांधावरून पलीकडच्या शेतातल्या माणसाला हाक द्यावी तशा मोठ्यानं त्या म्हणाल्या, "देवा, धनी आता उठायचे न्हाईत."

माझा हात जागच्या जागी थांबला. आमच्या घरात असं कुणी बोलत नाही. डब्यातले तांदूळ संपले तरी आम्ही वाढले म्हणतो. बाहेर निघालेला माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. मी लग्न होऊन भोरला आले तेव्हा सासूबाईंनी मला पहिली गोष्ट हीच शिकवली, की घराची वास्तू दिवसभर कान देऊन ऐकते आणि जे ऐकेल त्याला तथास्तु म्हणते.

"बनाबाई, असं बोलू नये हो. वास्तू तथास्तु म्हणते."

"म्हनू द्या की. जे झालंच हाय त्येला व्हय म्हनायला तिला काय कष्ट पडत्यात?"

मला हसूही आलं आणि अंगावर काटाही आला.

बनाबाईंचे यजमान कोंडिबा उत्रोलीत भातशेती करायचे. दोन वर्षांपूर्वी माघात ते राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला लागणारा पाला आणायला, ऐनाच्या झाडावर चढले आणि कोयता हातात असतानाच खाली आले. कमरेखालचं अंग गेलं. भोरच्या वैद्यबुवांनी पायाला टाचणी टोचून पाहिली आणि बाहेर पडवीत येऊन हळूच सांगितलं, की आता आशा ठेवू नये. ते ऐकलं बनाबाईंनी आणि कोंडिबांची थोरली बहीण साळूबाई यांनी. साळूबाई बालविधवा, आई वारल्यावर कोंडिबांना त्यांनीच वाढवलेलं. वैद्यबुवा भोरला परत पोचायच्या आत साळूबाई टेकाडावरच्या गावदेवीला नवस बोलून आल्या: माझा भाऊ तुझ्या दाराशी आपल्या पायांनी चालत येईल, तोवर दुसऱ्या कशानं येणार नाही.

झालं. त्या दिवसापासून कोंडिबा आतल्या खोलीत भाताच्या कणगीशेजारी पडून राहिले. त्यांना उचलून अंगणात आणायचं म्हटलं तरी साळूबाई आडव्या यायच्या. उचलून आणणं म्हणजे चालणार नाही असं कबूल करणं. गावाचंही तेच. सगळे चांगल्या मनाचे लोक, पण कुणी हात लावीना. साळूबाई दर शनिवारी भावाच्या वहाणांना तेल लावायच्या आणि दाराशी ठेवायच्या, अंगठे बाहेरच्या बाजूला करून, म्हणजे उठला की घालायला बऱ्या.

गेल्या दिवाळीत मी फराळ घेऊन त्यांच्याकडे गेले होते. खोलीत अंधार होता. दोघी शेजारणी बसलेल्या.

"चेहरा बघा कसा उजळलाय," एक म्हणाली. "आता फार दिस न्हाईत."

"व्हय तर," कोंडिबा म्हणाले. "शिमग्याला सोंग घेऊन नाचायचंय मला. मिशा तेवढ्या बघून ठेवा."

त्या हसल्या आणि समाधानानं निघून गेल्या. माझंही म्हणून झालं: मनात चांगलं आणावं, नामस्मरण करावं, देव सगळं बरं करतो. कोंडिबांनी ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वैनी, ह्या घरात समदी एका मानसाची वाट बघत्यात. जो चालत येनार हाय त्येची. त्यो लई भाग्याचा हाय. मला मातूर कुनी इचारत न्हाई."

मी लाडूचा डबा ठेवला आणि उठले. वाटेत ते वाक्य मनातून काढून टाकायचा प्रयत्न करत राहिले, कारण तसं मनात ठेवणं अशुभ.

आणि त्या दिवशी बनाबाई माझ्या ओल्या सारवणाच्या कडेला उभ्या होत्या. देवाशी बोलून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"वैनी, एक जुनं लुगडं द्याल का? घट्ट विनीचं. माझी समदी इरलेली हायती, गाठ धरायची न्हाईत."

"देते की. पण कशाला?"

"उद्या आईची जत्रा. धन्यांना पाठीला बांधून नेतीया."

मी हात धुवायचं विसरून तशीच उभी राहिले. "अहो, गावात गडीमाणसं आहेत. डोलीत घालून नेतील."

"कुनी येयाचं न्हाई. नवस मोडल्याचं पाप लागंल म्हनून भ्यात्यात. बरूबर हाय त्येंचं. पाप माझं, तर वज्जं बी म्याच घ्यावं." मग म्हणाल्या, "भाटघरच्या धरनाला दगडाच्या पाट्या वाहिल्यात म्या. धनी आता तेवढं बी भरायचे न्हाईत."

"पण देवीचा कोप झाला तर?"

"झाला तर झाला. पर वैनी, म्या रोज देवळात जाती. रोज सांगती, आई, धनी बरं हायती, आज कालच्यापरीस बरं हायती. ती माझ्याकडं बघत बसती. तिला का दिसत न्हाई? तिच्याम्होरं बी खोटंच बोलायचं, तर मग खरं बोलायला म्या कुठं जाऊ?"

मी रोज सकाळी पोथी वाचते. वाचता वाचता डोळ्यांत पाणी येतं, तेही खरं. पण त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं, की पुराणात देवाला हाक मारणारे सगळेच्या सगळे बुडताना, वणव्यात, भर सभेत हाक मारतात. माझं बरं चाललंय म्हणून कुणी हाक मारल्याचं आणि देव धावून आल्याचं मी कुठं वाचलेलं नाही.

पेटीतून जाड सुताचं हिरवं लुगडं काढून दिलं. त्या गेल्यावर उरलेलं सारवलं. जोड दिसायचा तो दिसलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीचं ताट घेऊन मी उत्रोलीला गेले. खरं सांगायचं तर ओटी निमित्ताला होती. टेकाडाखाली खेळणी, गोडीशेव, बत्तासे यांची पालं लागली होती. वर हलगी वाजत होती. मी पायऱ्या चढून निम्म्यावर आले आणि खालची गडबड एकदम कमी झाली. वळून पाहिलं.

बनाबाई येत होत्या. कोंडिबा त्यांच्या पाठीला माझ्या हिरव्या लुगड्यात बांधलेले, त्यांचे हात बनाबाईंच्या गळ्याभोवती. प्रत्येक पायरीला त्या दोन्ही तळहात गुडघ्यांवर टेकायच्या, श्वास घ्यायच्या आणि मग वर यायच्या. लोक कडेला होत गेले. कुणी वाईट बोललं नाही, कुणी चांगलंही बोललं नाही. त्या माझ्याजवळून गेल्या तेव्हा कोंडिबांची लोंबणारी पावलं मला दिसली. जन्मभर चिखलात आणि ढेकळांत वावरलेल्या माणसाचे तळवे तान्ह्या बाळासारखे मऊ, गुलाबी झाले होते. त्या तळव्यांवरून माझी नजर हलेना. मी हात जोडले. कुणाला, ते अजून मला नीट सांगता येत नाही.

मागोमाग मी वर पोचले, तर देवळाच्या दारात साळूबाई उभ्या होत्या. दोन्ही हात दोन्ही बाजूंच्या चौकटीला.

"बने, माघारी ने त्याला. आजून येळ हाय. चालत येईल माझा भाऊ."

"न्हाई येनार, वन्सं."

"तुज्या तोंडात किडं पडतील."

"पडू द्यात. पर आदी ह्यांना आई बघू द्यात. मान अवघडली माझी."

गुरव चिमाजी मध्ये आले. समंजस माणूस. "कशाला भांडता? कौल लावू. आईच सांगंल." कौल म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायची, उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. लोकांना ते पटलं. दोघेतिघे म्हणालेही, लावा, कौल लावा.

"चिमाजीदादा," बनाबाई म्हणाल्या, "ज्याला ठावं न्हाई त्यानं कौल लावावा. म्या काय इचाराया न्हाई आली. सांगाया आलीया." आणि साळूबाईंच्या खांद्यावरून आत गाभाऱ्याकडे पाहत तिथूनच बोलू लागल्या. आवाज चढवला नाही. "आई, रोज तुला म्हनत हुती, बरं हायती. खोटं हुतं ते. ह्ये बघ, आसे हायती. ह्येंचे पाय गेले. पाय दे म्हनत न्हाई, आन तुझ्यावर रुसली बी न्हाई. तू हायस, आमी हाओत. एवढंच सांगायचं हुतं."

साळूबाईंचे हात चौकटीवरून कधी खाली आले ते त्यांनाही कळलं नसेल.

बनाबाईंनी आत जाऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसकण मारली, गाठ सोडली आणि कोंडिबांना खाली टेकवलं. त्या देवळात बायका उंबऱ्याच्या आत जात नाहीत. चिमाजी उचलायला पुढे झाले, तर कोंडिबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, दादा."

दोन्ही तळहात दगडावर टेकून त्यांनी अंग उचललं आणि पुढे ओढलं. पुन्हा टेकले, पुन्हा ओढलं. हलगीवाल्याचा हात थांबला होता. दगडावरून धोतर घासल्याचा आवाज तेवढा येत होता. अंतर ते किती, आपल्याला दोन पावलं. पण इतकं मोठं अंतर मी आजवर पाहिलेलं नाही. देवीच्या पायांशी पोचल्यावर त्यांनी कपाळ टेकलं आणि बराच वेळ तसेच राहिले.

मग मान वर करून म्हणाले, "आलो बग, आई. पाय येत्यात मागनं."

आधी हसावं की नाही हे कुणाला कळलंच नाही. मग चिमाजी हसले, मग कोंडिबा स्वतः, आणि त्या हसण्यातच साळूबाईंना रडू फुटलं. दोन वर्षं त्यांनी डोळ्यांत पाणी येऊ दिलं नव्हतं, कारण रडणं म्हणजे अशुभ. आता त्या उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडत होत्या आणि त्यांना कुणी गप्प करत नव्हतं.

माझ्या मागची एक बाई डोळे पुसत बनाबाईंना म्हणाली, "नवस फिटला म्हना की. आपला आपन गेला आत."

बनाबाई लुगड्याची घडी घालत होत्या. "न्हाई ग बाई, फिटला न्हाई. मोडला. म्या मोडला आन आईनं बघितला. उगा ग्वाड करू नगंस."

मी देवीकडे पाहिलं. शेंदराचा मुखवटा, चांदीचे डोळे, जसे दरवर्षी तसेच. त्या डोळ्यांत राग मला दिसला नाही, प्रसन्नताही दिसली नाही. एवढंच जाणवलं, की ती पाहत होती. मी इतकी वर्षं तिच्यापुढे जाते, ओटी भरते, घरचं सगळं छान आहे असं मनात म्हणून परत फिरते. तिनं मला कधी पाहिलं असेल का, असं त्या दिवशी वाटलं. मी तिला पाहू दिलं होतं का? त्या सकाळी मी ओटी भरली आणि माझ्या थोरल्या मुलीच्या घशातल्या गाठीबद्दल, जिचं नावही आम्ही घरात घेत नाही, देवीला सरळ शब्दांत सांगितलं. मी म्हणाले, गाठ आहे. भीती वाटते म्हणाले. बाकी काही मागायचं सुचलं नाही. उतरताना छातीवरचं काहीतरी वर देवळातच राहिलं होतं.

त्याआधी, कोंडिबांना गाभाऱ्यातून बाहेर आणलं तेव्हा साळूबाईंनी त्यांचे तळहात उलटे करून पाहिले. सोलवटले होते. त्यांनी पदरानं ते टिपले. "दगुड लई खरबरीत हाय," म्हणाल्या. दोन वर्षांत भावाच्या अंगाबद्दल त्या पहिल्यांदाच काही खरं बोलल्या, असं बनाबाईंनी मला नंतर सांगितलं.

आज सकाळी बनाबाई लुगडं परत द्यायला आल्या. धुऊन, वाळवून, चौपदरी घडी घातलेलं. कोंडिबा आता अंगणात जांभळीखाली बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून बडबड करतात, त्यामुळे घरात कामं होत नाहीत, अशी तक्रार त्यांनी केली. काखेत एक लहानसं गाठोडं होतं. गाठीतून कोंडिबांच्या वहाणांचे अंगठे बाहेर डोकावत होते. तेल लावून तुकतुकीत झालेलं चामडं.

"वन्संनीच बांधून दिल्यात," त्या म्हणाल्या.

"बसा, चहा टाकते."

"आज नगं, वैनी. चांभाराकडं जायाचंय. ह्या फाडून धन्यांच्या हातांना तळ शिवून घ्यायचेत."