उभ्या विमानाची चाकं

आमच्या विमान कंपनीत मी हिशेब बघते. धावपट्टीपासून दूर, वर्षभर उभ्या असलेल्या एका विमानाची वह्यांमधली किंमत किती उतरवायची, हे ठरवण्याआधी म्हटलं, एकदा बघून तरी यावं. गेले, तर इंजिनांवर लाल झाकणं होती आणि आमचे जुने मेकॅनिक कदमकाका ट्रॅक्टर जोडून ते धूड जरासं पुढे ओढून घेत होते.

"कुठे नेताय?" मी विचारलं.

"कुठेच नाही, मॅडम. एका जागी उभं राहिलं की टायर चपटे होतात. म्हणून अधूनमधून चाकं थोडी फिरवायची."

"पण हे उडणार की भंगारात जाणार, हेच अजून ठरलं नाहीये."

"ते तुम्ही ठरवा. उडायचं ठरलं, तर चाकं गोल हवीत ना?"

हे विमान कारखान्यात तयार होत होतं, तेव्हा त्यासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज मीच त्याच्या किमतीत मिळवलं होतं. तेव्हा आम्ही त्याची वाट पाहिली, तर त्या वाट पाहण्याचंही मोल धरलं. आता ते आमची वाट पाहतंय, तर मी त्याचं मोल कमी करायला निघाले होते!

नियम तो नियम. किंमत मी उतरवलीच. पण त्याच नियमात पुढे असंही आहे, की दिवस पालटले तर उतरवलेली किंमत पुन्हा चढवता येते. ती ओळ इतकी वर्षं मी नुसती वाचत आले होते. या वेळी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: चाकं गोल आहेत.