अर्जातलं शेवटचं वाक्य

माझं चुकलं ते एका वाक्यात. अर्ज लिहून झाल्यावर शेवटी मी सवयीनं टाकून दिलं, 'अर्जदाराच्या जीवितास धोका असून योग्य ती कारवाई व्हावी.' आमच्याकडं हे वाक्य मिठासारखं असतं. बांध कोरला तरी हेच, शेजाऱ्याची शेळी पडवीत शिरली तरी हेच. मी दौंडला एका कचेरीत कारकून. अख्ख्या भावकीचे अर्ज माझ्या हातचे, आणि अक्षराचा मला जरा गर्वच होता. फक्त त्या दिवशीचा अर्ज माझ्या मेहुण्याविरुद्ध होता, बायकोच्या पाठच्या भावाविरुद्ध. आणि तो आजारी होता.

मेहुणा रांजणगावला एका कारखान्यात नुकताच पर्मनंट झाला होता. राहायला शिरूरला, खोली करून. एका सकाळी त्याच्या खोलीतल्या जोडीदाराचा कचेरीत फोन आला.

"दाजी, लवकर या. आठ दिस झाले, झोपला न्हाई. कंपनीच्या बसम्होरं हुबा राहतोय आन् माणसं मोजतोय."

बायकोला सांगितलं तर ती रडत बरोबर निघेल, असं मी माझ्याच मनाशी ठरवलं. घरी निरोप धाडला, ऑफिसच्या कामानं शिरूरला चाललोय. खरं वाटावं म्हणून काखेत फाईलही मारली. ती रिकामी होती. एसटीत दोन तास मी ती फाईल मांडीवर घेऊन असा बसलो होतो, जणू जिल्ह्याचा कारभार तिच्यात आहे.

शिरूरच्या स्टँडबाहेर पोचलो तर दुपारच्या पाळीची बस अडकलेली. पुढं मेहुणा, दोन्ही हात पसरून. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता, खिडकीतून पोरं ओरडत होती, "आरं, हजेरी तूच लाव की आता! सुपरवायझर घरी पाठवू आमी!"

"एक कमी हाय," मेहुणा म्हणत होता. "गाडी सोडायची न्हाई."

माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी मेंढरं विकून खुटबावला जमीन घेतली. संध्याकाळी कळप मोजून पुरा झाल्याशिवाय म्हातारा भाकरीला हात लावत नसे, असं घरात सांगायचे. ते मला तिथं, भर रस्त्यात आठवलं. बाजूनं ट्रक सुसाट चालले होते.

मी पुढं होऊन म्हणालो, "चल, जेवून घेऊ."

त्यानं माझ्या छातीवर बोट ठेवलं. "दाजी, तुमी ह्यातले न्हाई. बाजूला व्हा." आणि मला हलकेच मागं सारलं. मी इतका दचकून सरलो की थेट पेरूच्या हातगाडीवर जाऊन बसलो. बसमधली पोरं हसली. पेरूवाला हसला नाही. मी उठलो तो तडक पोलिस स्टेशनला. तिथंच बसून अर्ज लिहून दिला, आणि ते बोट झालं 'जीवितास धोका'.

दोन शिपाई गेले आणि त्याला घेऊन आले. तो मुकाट आला. मला वाटलं, झालं, आता दवाखान्यात नेतील. पण त्याचा पट्टा काढून घेतला, एकच चप्पल बाजूला ठेवली आणि त्याला लॉकअपमध्ये घातलं. टेबलाशी बसलेले एक वयस्कर हवालदार माझा अर्ज समोर ठेवून काहीतरी लिहायला लागले.

"मामा, हे काय लिहिताय?"

"चॅप्टर केस. मारामारी करणाऱ्याला असती ती. उद्या तहसीलदारांम्होरं हुबा करायचा, जामीन घ्यायचा, सोडायचा."

"सोडायचा? अहो, तो परत रस्त्यावर जाईल! त्याला बरं नाही. त्याचं डोकं ठिकाणावर नाही."

"मग अर्जात तसं कुठं हाय? अर्जात तर तुमचा जीव चाललाय." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पाव्हणं, त्याला येगळा कायदा हाय. असा माणूस फिरताना दिसला तर आमी ताब्यात घेतो, पण ती अटक न्हवं. सांभाळायला घ्यायचं. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसायबांम्होरं न्यायचं, डाक्टरनं तपासायचं, मग सायेब दवाखान्याचा हुकूम देत्यात. पण तुमचा अर्ज मधी आडवा पडलाय न्हवं का."

"मग मागं घेतो."

"नुसतं मागं घिऊन भागत न्हाई. पयल्यात लिवलेलं खरं न्हाई, आसं सहीनिशी लिवून द्या. आन् पाचला कोर्ट उठतं, न्हाईतर रातभर हितंच."

साडेतीन वाजले होते. मी सरकारी नोकर. पोलिसांना खोटा अर्ज दिला, हे स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं! डोळ्यांपुढं खात्याची चौकशी आली, थांबलेली वेतनवाढ आली, कचेरीतल्या साहेबांचा चेहरा आला. मी म्हणालो, "जरा चहा घेऊन येतो." आणि एक नाही, दोन कप घेतले. त्या टपरीवर मी किती वेळ उभा होतो ते आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. अर्धा तास. मेहुणा गजाआड आणि मी बशीत चहा ओतून फुंकत होतो.

परत आलो तर तो गजाला कपाळ टेकून उभा होता. मला बघून हळूच म्हणाला, "दाजी, त्यांना दार उघडं ठेवाया सांगा. एक यायचाय आजून." मला बाजूला व्हा म्हणणारा हाच, आणि आता माझ्याकडंच दार मागत होता.

मी कागद ओढला. 'अर्जदारास कोणीही मारलेले नाही. सदर इसम आजारी आहे. अर्जदार घाबरला होता.'

हवालदारांनी कागद लांब धरून वाचला. "अक्षराला काय झालं ओ? पयलं तर छापल्यावानी व्हतं."

मग नुसती धावपळ. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला दहा मिनिटं बोलतं केलं आणि दाखला लिहिला. कोर्टात पोचलो तेव्हा शिपाई खिडक्या लावत होता. हवालदार त्याला म्हणाले, "थांब रं जरा," आणि आम्हाला तसंच आत घातलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मेहुण्याला बसायला खुर्ची दिली, नाव विचारलं. तो त्यांच्या मागं भिंतीकडं बघत ओठांतल्या ओठांत मोजत राहिला. मग साहेब माझ्याकडं वळले.

"तुम्हाला यांची भीती वाटते?"

"वाटते, साहेब."

"त्यांनी मारलं?"

"नाही."

"मग?"

मी रिकामी फाईल या काखेतून त्या काखेत घेतली. साहेबांनी खाली मान घालून दवाखान्याच्या हुकमावर सही केली.

पोलिसांच्या जीपमधून त्याला पुण्याला मनोरुग्णांच्या दवाखान्यात नेलं. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो. मागं तो दोन शिपायांच्या मधे. भरती करून घेतलं तेव्हा त्यानं मागं वळून पाहिलं की नाही, मला ठाऊक नाही, कारण मी कागदावर सही करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दौंडला आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. पेरूच्या गाडीचं जरा रंगवूनच सांगितलं, ती हसेल म्हणून. ती हसली नाही. चुलीपुढून उठलीही नाही.

"मला का न्हाई नेलं?"

"तू रडली असतीस."

"रडले आसते की."

"आणि त्यानं तुझंही ऐकलं नसतं गं. त्याला कुणाचंच कळत नव्हतं."

"नसतं ऐकलं," ती म्हणाली. "पण जीपमधी त्याच्या शेजारी मी बसले आसते."