हातखंब्याचा फुल फॉर्म

आमच्या आळीत मी नक्की काय काम करते हे कुणालाच नीट माहीत नाही. लॉकडाऊनमध्ये मुंबईचं बिऱ्हाड गुंडाळून मी रत्नागिरीला आले ती इथलीच झाले. तेव्हापासून मी दिवसभर माडीवरच्या खोलीत बसून काहीतरी टाइप करत असते, एवढीच बातमी शेजारीपाजारी पोचली आहे. समोरच्या वहिनी जाताजाता खालून हाक मारतात, "तू घरीच असतेस ना गो? गॅसवाला आला तर आमचा सिलिंडर घेऊन ठेव." मी घेऊन ठेवते.

खरं तर मी मेनफ्रेमवर काम करते. बँका आणि विमा कंपन्यांकडे जुन्या घराण्यातली, पण अजून ठणठणीत असलेली जी अवाढव्य यंत्रं असतात, त्यांचे प्रोग्रॅम सांभाळते. तेही असेंब्लर भाषेत. असेंब्लर म्हणजे यंत्राला एकेक बारीक पाऊल हाताला धरून सांगायचं: हा आकडा उचल, तिथे ठेव, त्या दुसऱ्याशी ताडून बघ, सारखा निघाला तर अमुक ठिकाणी उडी मार. उडी मारायच्या ठिकाणाला नाव द्यावं लागतं, त्याला लेबल म्हणतात. जुन्या माणसांनी अशा उड्यांवर उड्या मारत अख्खे प्रोग्रॅम लिहिले आणि ती माणसं निवृत्त झाली. उड्या राहिल्या.

आमच्या पुण्याच्या ऑफिसात मध्यंतरी एक नवा मॅनेजर आला. वयाने माझ्या भाच्याएवढा. पहिल्याच मीटिंगमध्ये 'ट्रान्सफॉर्मेशन' हा शब्द तो इतक्या वेळा बोलला की माझ्या चहावर साय धरली. एका परदेशी विमा कंपनीचा महत्त्वाचा प्रोग्रॅम वाचण्याजोगा करायचा होता आणि त्यासाठी स्ट्रक्चर्ड मॅक्रो वापरायचे होते. मॅक्रो म्हणजे तयार शब्द. इफ, एल्स, एंडइफ असं आपण सरळ लिहायचं; जर असं असेल तर हे, नाहीतर ते, आणि इथे 'जर' संपलं. मधल्या सगळ्या उड्या यंत्र आपल्या आपण लिहून घेतं. वाचणारा वरून सुरुवात करतो आणि खाली पोचतो. असेंब्लरमध्ये एवढं सुख फार झालं.

"मॅम, हा प्रोग्रॅम तुम्ही मॅक्रोंमध्ये आणा," मॅनेजर म्हणाला.

"तो करतो काय?"

"ते तुम्ही वाचून आम्हाला सांगा. म्हणून तर रीडेबल करायचाय."

प्रोग्रॅम उघडला आणि पहिल्या पानावरच मी थबकले. सुरुवातीच्या लेबलचं नाव होतं चिपळूण. रोमन लिपीत, पण चिपळूणच. तिथून हिशेब जुळला तर संगमेश्वरला उडी. हे नाव आठ अक्षरांत बसवायला चेंगरलेलं. मग हातखंब. लेबलला आठच अक्षरांची मुभा होती आणि हातखंबा रोमनमध्ये नऊ अक्षरांचा होतो, म्हणून शेवटचं अक्षर वाटेतच उतरवलेलं. त्यानंतर पाली, लांजा, राजापूर. काही चुकलं तर गुहागर. मी मोठ्याने हसले. कुणीतरी परदेशी म्हाताऱ्यांची पेन्शनं मुंबई-गोवा हायवेवरून एसटीने नेत होतं.

हातखंब्याला तर कौतुकच वाटलं. आमच्या हातखंब्याला हायवे सोडून रत्नागिरीकडे वळायचा तिठा आहे. प्रोग्रॅमातही तिथेच वाटा फुटत होत्या. ज्याने लिहिलं त्याला रस्ता पाठ होता.

मी मॅनेजरला विचारलं, "हे कुणी लिहिलंय?"

"एक रिटायर्ड कन्सल्टंट आहेत. अडलं तर फोन करायचा असतो. तुमच्याकडेच कुठेतरी राहतात. बीच आहे तिथे."

आमच्याकडे बीच नाही असं गाव शोधावं लागेल. पण फोन केला तेव्हा कळलं, गृहस्थ खाडीपलीकडे भाट्याला राहतात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्कूटर काढली आणि पूल ओलांडून त्यांच्या घरी गेले.

काका पडवीत झोपाळ्यावर बसले होते. पांढरी हाफ पँट, गळ्यात दोरीला चष्मा. काकूंनी आतून फणसाचे गरे आणून ठेवले. मी येण्याचं कारण सांगितलं आणि 'मॅक्रो' शब्द उच्चारला, तसा काकांनी झोपाळा पायाने थांबवला.

"अगो, कशाला ती कुबडी? उडी मारता येत नाही त्यांच्यासाठी असतं ते."

"काका, लांज्याहून तुम्ही पालीच्या मधोमध उडी मारलीत. स्टँडवर नाही, मधे कुठेतरी. आता ते सरळ कसं करू?"

"तेव्हा मेमरी कमी होती. दोनदा लिहिण्यापेक्षा मागे जाऊन पालीचाच तुकडा वापरला. चांगलं चाललंय की."

"चाललंय. पण समजत नाही."

"यंत्राला समजतं ना?" त्यांनी गऱ्यातली आठळी काढून बशीत टाकली. विषय संपल्यासारखा.

मग मी नावांचं विचारलं. काका जरा अवघडले. त्या वेळी ते मुंबईत नोकरीला होते, शिमग्याची रजा मागितली होती. घरी देवाची पालखी येणार, नाचत-गात खेळे येणार, पण साहेबांनी हा प्रोग्रॅम पुढ्यात टाकला आणि रजा नाकारली. लेबलांना नावं काय द्यायची ते कुणी सांगितलं नव्हतं. "मग दिली," काका म्हणाले. "रागाने दिली."

"राग कसला," काकू दारातून म्हणाल्या. "घरी यायचं होतं त्यांना. मी इथे पालखीची ओटी भरताना दोघांच्या वतीने एकटीच डोकं टेकवत होते."

काकांनी चष्मा लावला आणि माझ्या हातातला छापील प्रोग्रॅम ओढून घेतला. पुढचा अर्धा तास ते त्यावरून बोट फिरवत होते. मधेच म्हणायचे, "हे बरं लिहिलंय," आणि मग आठवायचं की आपणच लिहिलंय.

मग मी कामाला लागले. कागद माडीवर जमिनीभर पसरायचे, वर जांभ्याचे खडे ठेवायचे आणि पेन्सिलीने उड्यांचे बाण काढायचे. समोरच्या वहिनींनी एकदा वर येऊन पाहिलं आणि क्रोशाचा नमुना समजून मागितला. लांजा-पालीची गाठ सोडवायला तो तुकडा मला वेगळा काढून दोन्हीकडून बोलवावा लागला. हळूहळू इफच्या आत इफ, त्याच्या आत तेच काम पुन्हापुन्हा करणारा डू असं घर उभं राहिलं. पायरीपायरीने आत सरकलेलं, प्रत्येक दार जिथल्या तिथे बंद होणारं. मला ते फार देखणं वाटत होतं.

पण एक तुकडा उरला. देवरूख. पूर्ण प्रोग्रॅममध्ये कुठूनही देवरूखला उडी नव्हती. चांगला लांबलचक, नीट लिहिलेला हिशेब, आणि तिथे जायला रस्ताच नाही. मी पुन्हा भाट्याला गेले.

"तो बोनसचा हिशेब आहे," काका म्हणाले. "तेव्हाच्या साहेबांनी आधी हवा म्हटला, मग नको म्हटला. मी रस्ता तोडला, गाव ठेवलं."

"मी काढून टाकते."

"काढू नको गो. लागला तर?"

"काका, इतक्या वर्षांत एकदाही चाललेला नाही तो."

"म्हणूनच एकही चूक सापडलेली नाही त्यात," काका अभिमानाने म्हणाले.

मी घरी आले आणि देवरूख काढून टाकलं.

मॅक्रोंनी स्वतःची लेबलं कशी पाडली तेही मी त्याच भेटीत काकांना दाखवलं होतं. आत उड्या त्याच असतात, फक्त नावांच्या जागी ओळीने आकडे असतात. काकांना आनंद आणि दुःख एकदमच झालं. "म्हणजे आतून माझंच आहे सगळं!" म्हणाले, आणि लगेच, "पण हातखंब्याला नंबर? एसटी डेपोत सुद्धा असं करत नाहीत."

चाचण्या झाल्या. जुन्या आणि नव्या प्रोग्रॅमचे निकाल तंतोतंत जुळले. पुण्याला मॅनेजरने स्लाइड बनवल्या. एकीवर गुंतलेल्या लोकरीचा गुंडा आणि दुसरीवर विणलेला स्वेटर. मग परदेशी कंपनीबरोबर ऑनलाइन मीटिंग ठरली. मी काकांनाही बोलावून घेतलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या माडीवर येऊन बसले. खाली दिसणार नाही म्हणून हाफ पँट तीच.

पलीकडे कंपनीच्या ऑडिटच्या प्रमुख बाई होत्या. मॅनेजर बोलायचा थांबल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "सगळं छान आहे. पण हटकांब कुठे गेलं?"

मॅनेजरने मला विचारलं, "हटकांब कुठे गेलं?"

मी सांगितलं की हातखंबच काय, कुठल्याच जुन्या लेबलाची आता गरज उरलेली नाही. बाईंचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी पडद्यावर एक जाडजूड नियमपुस्तक उघडून दाखवलं. त्यात हटकांबवर अख्खं प्रकरण होतं. नव्या कर्मचाऱ्यांना हटकांबचं प्रशिक्षण देत, वर्षाअखेर त्यावर परीक्षा घेत. आणि ठळक टाइपात त्याचा फुल फॉर्म छापलेला होता: हाय ॲव्हेलेबिलिटी ट्रान्झॅक्शन की हँडलिंग अँड मॅनेजमेंट ब्लॉक.

काकांनी तोंडावर रुमाल धरला. तो फुल फॉर्म पूर्वी कधीतरी आमच्याच ऑफिसातल्या कुणीतरी, विचारलं म्हणून, ठोकून दिला होता. खाली लांजा होतं: लाइफ ॲन्युइटी नॉनपेमेंट जॉब ॲबॉर्ट. त्यालाही एक पान होतं.

"मूळ लेखक आपल्याबरोबर आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांनीच सांगावं, हटकांब म्हणजे नेमकं काय?"

काकांनी रुमाल खाली घेतला, घसा साफ केला आणि इंग्रजीत एकेक शब्द सावकाश सांगितला, "मॅडम, इट इज अ बस स्टॉप."

 पुण्याला मॅनेजरचा चेहरा पडद्यावर गोठला; नेट गेलं की त्याचा श्वास, कळायला मार्ग नव्हता.

"बस," बाईंनी विचार करत लिहून घेतलं. "म्हणजे यंत्रात डेटा वाहून नेते ती डेटा बस?"

"एक्झॅक्टली!" मॅनेजरला वाचा फुटली. "डेटा बस. तिथे डेटा थांबतो."

"आणि मग वेगवेगळ्या दिशांना जातो," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

"फार उपयुक्त माहिती," बाई म्हणाल्या. "ही पुस्तकात घालू."

काका माझ्याकडे वळून मराठीत पुटपुटले, "तिठ्यावरचा वडापाव पण घाला म्हणावं." माझा माइक चालू होता. पण पलीकडे कुणाला कळलं नाही, आणि मॅनेजरने मान डोलावली.

निर्णय लेखी आला. मॅक्रो मंजूर, नवी रचना उत्तम. मात्र प्रत्येक भागाच्या डोक्यावर जुनं नाव टिपणी म्हणून ठेवावं, कारण नियमपुस्तक बदलायला समिती लागते आणि समितीचे सभासद रजेवर आहेत. शिवाय देवरूख परत आणावं. पुस्तकात त्यावरही प्रकरण आहे आणि परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो. मी देवरूख परत लिहिलं, मॅक्रो वापरून, अगदी सुबक. तिथे अजूनही कुणी जात नाही. मॅनेजरला या कामासाठी बढती मिळाली आणि तो दुसऱ्या कंपनीत ट्रान्सफॉर्मेशन करायला निघून गेला.

नवा प्रोग्रॅम चालू झाल्यावर मी त्याची छापील प्रत घेऊन भाट्याला गेले. द्यायचीच होती असं नाही, पण न्यावीशी वाटली. काका झोपाळ्यावर बसून वाचू लागले. यावेळी बोट फिरत नव्हतं, पानं मागे-पुढे होत नव्हती. एक पान वाचून झालं की ते खाली ठेवत आणि पुढचं घेत. मी काकूंबरोबर आत जाऊन कोकमाची सोलं वाळत घातली, गप्पा मारल्या, बाहेर आले तरी ते वाचतच होते.

शेवटचं पान ठेवून ते म्हणाले, "वाचता येतं गो."

"म्हणजे आवडलं?"

"तसं म्हटलं नाही मी." त्यांनी चष्मा काढून छातीवर सोडला. "मी लिहिलं तेव्हा ते मला एकट्यालाच कळायचं. तेवढीच एक गोष्ट होती ऑफिसात, जिच्यासाठी साहेबाला माझ्या टेबलापाशी यावं लागायचं." थोडा वेळ ते पायाने झोपाळा हलवत राहिले. "आता कुणीही वाचेल. वाचू देत."

आतून काकूंनी जेवणाची पानं घेतल्याचं सांगितलं. काकांनी कागद नीट जुळवले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यावर आडकित्ता ठेवला आणि मला म्हणाले, "चल, हात धू. बांगडा गार होईल."