परबकाकांची टेस्ट ड्राइव्ह

“परबकाका बसले की गाडी शहाण्यासारखी चालते. दुसरं कुणी बसलं की मेली!” कुवेतच्या शुवैख भागातल्या आमच्या गॅरेजात कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. काउंटरमागे टेस्ट ड्राइव्हचे कागद फाइलला लावणारा माझा हात मात्र थांबला...

काकांना जाऊन आता पाच आठवडे झाले. सुट्टीवर कुडाळला गेले होते, तिथंच हृदयविकारानं गेले. बाबांच्या फोनवर बातमी आली तेव्हा मला आधी आठवली ती ही दोन वर्षांपूर्वीची दुपार. काका बाबांच्या गावचे. कितीतरी वर्षं कुवेतमध्ये या गॅरेजात मेकॅनिक होते, एकटेच राहत. दर शुक्रवारी महबूलाला आमच्याकडे जेवायला येत. मी इंग्रजी शाळेतली, मराठीत उत्तर द्यायचं म्हटलं की गप्प होणारी. काका प्रश्न विचारत आणि उत्तराची घाई करत नसत, म्हणून त्यांच्याशी बोलता येई. डिप्लोमा झाल्यावर गॅरेजात मला त्यांनीच लावलं.

दुरुस्तीला आलेली ती लाल गाडी टर्बोवाली, प्रचंड ताकदीची. पण जरा जोर दिला की अचानक दम सोडायची. स्कॅनर एकच कोड दाखवी: टर्बोच्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर खराब. नवा बसवला, तरी तेच. दुसरा नवा बसवला, तरी तेच. काका म्हणत, “कोड म्हणजे रडणारा पोर. खंय दुखता ता आपणच बघूचा लागता.” मॅनेजर देशमुखसर कंटाळले. इंजिन उघडायचं ठरलं आणि सगळ्यांदेखत ते म्हणाले, “काका, तुमचा जमाना गेला. या महिन्यात इकामा संपतोय ना? आता रिन्यू नको करूया. गावी आराम करा.” इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना; तो संपला की कुवेत सुटलं. काका हात पुसत राहिले. नंतर मला एवढंच म्हणाले, “हरून नाय जावचा माका, बाय.”

ती थट्टा ऐकल्यावर मी टेस्ट ड्राइव्हचे सगळे कागद टेबलावर मांडले. खरंच, काकांच्या एकाही फेरीत गाडी बिघडली नव्हती. मग आठवलं, फेरी मारून घामानं भिजून येणारे तेवढे काकाच. ते काचा उघड्या ठेवून चालवत. “एसीत माका इंजिनाचो आवाज ऐकाक येणा नाय.” कुवेतच्या जुलैत एसी बंद करायचं दुसऱ्या कुणाच्या मनातही येत नाही, मग त्याशिवाय गाडी तपासणार कोण?

तोंडानं सांगायचा धीर झाला नाही. चिठ्ठीवर लिहिलं, ‘एसी फक्त तुम्ही बंद ठेवता,’ आणि काकांच्या हातात दिली. त्यांनी वाचली, माझ्याकडे पाहिलं. “चल गो.”

एसी लावून निघालो. थोड्याच वेळात गाडीनं दम सोडला. बंद केला, तशी ती उसळली. परत आल्यावर वायरिंगच्या नकाशात मला दिसलं की एसीच्या गॅसचा दाब मोजणारा सेन्सर आणि टर्बोचा सेन्सर एकाच तारेवर आहेत. एसी लावून गाडी पुन्हा बिघडू दिली आणि काकांनी एसीच्या सेन्सरचा प्लग ओढला. स्कॅनरवर टर्बोचा आकडा तत्क्षणी सरळ झाला. एसी लावून गॅसचा दाब चढला की तो सेन्सर तारेतला व्होल्टेज खाली खेचत होता आणि आळ शेजाऱ्यावर येत होता. काका नुसते हसत होते... इतके मोकळे हसताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

नवा सेन्सर बसवून, एसी पूर्ण लावून गाडीच्या कुवेती मालकानं स्वतः लांब फेरी मारली. परतला तो खुशीत. दोष कुणी शोधला, त्यानं विचारलं. काका गप्प राहिले असते तर श्रेय त्यांचंच होतं आणि गरजही त्यांनाच होती. त्यांनी काउंटरकडे बोट दाखवलं.

त्यानंतर दोन वर्षं काकांनी मला बॉनेटखाली उभं करून शिकवलं. आज गॅरेजातला स्कॅनर माझ्या ताब्यात असतो. पण त्या दुपारी सगळे वळून माझ्याकडे पाहत होते, आणि मी फाइलमध्ये डोकं न घालता उभी राहिले, देशमुखसरांकडे बघून म्हणाले,

“सर, मी फक्त कागद जुळवले. या उन्हात एसी बंद करून इंजिन ऐकणारा माणूस तुमच्याकडे एकच आहे. काकांचा इकामा रिन्यू करा.”