हाजराला विचारलेला प्रश्न

हाजरा माझी शेजारीण. मांडवीजवळच्या एका शाळेत मुलांची खिचडी शिजवते. तिचा नवरा करीम उभी हयात कुवेतला होता. आता घरी असतो आणि बायकोची पिशवी धरून तिच्याबरोबर फिरतो. आमचे हे कधी भाजीलाही माझ्याबरोबर आले नाहीत. ती दोघं दिसली की मी पडवीतून आत जाते.

भांडण हाजराच्या दारच्या फणसाच्या फांदीवरून झालं. शेजारचा विनोद ती तोडायला आला, करीम आडवा गेला, तशी विनोदने कोयती उगारली. हाजराने त्याला ढकललं. तो कुंपणाच्या दगडी गडग्यावर आपटला, कोपर सोललं, आणि त्याने तक्रार केली. मी सगळं पडवीतून पाहिलं.

"कबूल कर, दंड भर, मोकळी हो," मी तिला म्हटलं.

"आणि शाळेतलं काम? शिक्षा झालेल्या बाईला चुलीपाशी कोण उभी करील, काकी?"

वकिलाने तिच्याकडून दोनच शब्द घोकून घेतले : कबूल नाही. तेही तिला जड. "ढकललं तर मीच. अल्लाला काय सांगू?"

कोर्टात मॅजिस्ट्रेटबाईंनी आरोप समजावून सांगितला. "गुन्हा कबूल आहे, की बचावाचं काही सांगायचं आहे?"

"ढकललं ते कबूल, बाईसाहेब." वकिलाने कपाळाला हात लावला. "पण कोयती माझ्या माणसाच्या मानेवर येत होती. परत उगारलीन तर परत ढकलेन."

मागे कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. "मग गुन्हा कबूल केला असं धरता येणार नाही. नवऱ्याला वाचवायला ढकललं, हा तुमचा बचाव. 'कबूल नाही' अशी नोंद करते. आता गुन्हा सिद्ध करायचं काम सरकार पक्षाचं."

"म्हणजे मी खोटं नाही ना बोलले?"

"नाही."

मी नन्सच्या कॉन्व्हेंट शाळेत शिकले. लग्नाआधीपासून रोज डायरी लिहिते. पण तुला काय सांगायचंय, असं मला आजवर कुणी विचारलं नाही. खिचडीवाल्या हाजराला भर कोर्टात विचारलं, आणि शेवटपर्यंत ऐकूनही घेतलं.

बाहेर बाकावर करीमने घावन्यांचा डबा उघडून आधी तिच्यापुढे धरला, मग माझ्यापुढे.

"काकी, साक्षीला याल ना? तुम्हीच पाहिलंत."

नाही म्हणावंसं वाटलं. अगदी ओठांवर आलं होतं.

"येईन," मी म्हटलं.

पाहिलं ते नीट सांगेन. पण तिथेही मला विचारतील ते हाजराबद्दलच.